गाणी डेट्रॉइटची, गोष्ट अलाबामाची
मायकेल रोमरचा कृष्णधवल चित्रपट 'नथिंग बट अ मॅन' (1964) हॉलिवूडच्या स्टुडिओबाहेर, बेताच्या पैशात झाला. गोष्ट अलाबामाची, चित्रीकरण मात्र न्यू जर्सीत. रेल्वेमार्गावर राबणारा डफ आणि पाद्रीबाबांची शिक्षिका मुलगी जोसी यांचा संसार गोऱ्यांच्या धाकात कसाबसा तग धरतो, आणि कानावर पडतं ते डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं सोल संगीत: मार्था अँड द व्हॅंडेलाजचं 'हीट वेव्ह', तेव्हा पोरसवदा असलेल्या स्टीव्ही वंडरचं 'फिंगरटिप्स'. अपमानाच्या कथेला रडकी सुरावट चिकटवायचा मोह रोमरने टाळला, हे फार बरं केलं. ही उडती गाणी पुढे मोटाउनने तबकडीवरही आणली. जोसी झालेली ॲबी लिंकन खरी नावाजलेली जॅझ गायिका. इथे तिला भूमिका मिळाली ती शिक्षिकेची!