खासदारांचा पगार आणि आपले ६ हजार

काल कांदा काढताना बांधावर विषय निघाला, खासदारांच्या पगाराचा. १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, तोही एप्रिल २०२३ पासून धरून. मला त्यात वावगं वाटत नाही. दिल्लीत राहायचं, इकडचं घरही चालवायचं. पगार नसेल तर तिथं पैसेवालेच जातील. (राहायला सरकारी घर मिळतं, ते वेगळं.)

खटकतं ते दुसरंच. २०१८ च्या कायद्याने त्यांचा पगार दर ५ वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वाढतो, मागावा लागत नाही. पीएम किसानचे मात्र २०१९ मध्ये वर्षाला ६ हजार होते, आजही तेवढेच. मजुरी, डिझेल, औषधं कुठं थांबलीत? मंडळी, तोच निर्देशांक आपल्याला का नको? खासदार गावात आले की मी एवढंच विचारणार आहे.