फसलेल्याची लाज कुणाच्या पथ्यावर?

मोबाइलवरील भामट्याने आयुष्याची पुंजी लुटल्यावर एखादा निवृत्त कामगार प्रथम काय करतो? बहुधा काहीच करीत नाही. मुलगा रागावेल, शेजारी हसतील, या धास्तीने तो दोन दिवस गप्प बसतो. आणि त्याच दोन दिवसांत त्याचा पैसा या खात्यातून त्या खात्यात सरकत अखेर रोकड होऊन नाहीसा होतो.

म्हणून अशा वेळी तास मोजायचे असतात, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम ज्या बँकेत पोहोचली असेल तेथे ती गोठवण्याची खटपट त्यामुळे सुरू होते. पाठोपाठ आपल्या बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. संदेश पुसू नयेत. हद्दीचे कारण सांगून पोलीस परत पाठवू लागले, तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम त्यांच्यापुढे ठेवावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोठेही घडलेला असो, ठाण्याने नोंदवून घ्यावयाची आहे.

खरा झगडा बँकेच्या खिडकीशी आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले: त्रयस्थाच्या लबाडीने, ग्राहकाच्या संमतीवाचून पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर तोशीस त्याला नाही, त्याचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. व्यवहारात मात्र “ओटीपी तुम्हीच दिलात ना?” एवढ्या एका प्रश्नावर फाइल मिटते. ओटीपी देऊन बसलेल्याची बाजू दुबळी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, हेही त्याच परिपत्रकात होते. ते खिडकीवर कुणी सांगत नाही. रांगा मोबाइलवर ढकलून खर्च वाचला तो बँकांचा, जोखीम मात्र आली एकेकट्या खातेदाराच्या पदरी. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

आणखी एक. फसलेल्याकडे दुसरा भामटा हटकून येतो. पैसे सोडवून देतो, आधी शुल्क भरा, म्हणतो. त्याला दमडीही देऊ नये.

रेशनकार्डाचे अर्ज आपले कार्यकर्ते लिहून देतच आले आहेत. त्याच टेबलावर आता हीही तक्रार लिहिली जावी, आणि बँकेत जाताना त्या माणसाबरोबर कुणीतरी असावे.