विकराचे सांगाती

जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांत आजही कुलूप-किल्लीच्या दृष्टांताने सुरू होते. एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने १८९४ साली तो योजिला. विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते शरीरातील रासायनिक क्रियांना विलक्षण वेग देणारे प्रथिन, हे कुलूप, आणि ज्या पदार्थावर ते कार्य करते तो त्या कुलपाला नेमकी बसणारी किल्ली. मी स्वतः कित्येक वर्षे ही आकृती फळ्यावर काढीत आलो, आणि तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या पदरी जे पडते ते खरेच ज्ञान असते, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या आकृतीत कुलपाभोवती दार नाही, दाराभोवती घर नाही आणि घरात माणसे नाहीत. आणि मानवी पेशीत तर कोणतेही विकर क्षणभरही एकटे नसते. हजारो प्रकारच्या प्रथिनांच्या दाटीत त्याला कोणी कामाला लावते, कोणी आवरते, कोणी एका जागेवरून दुसरीकडे नेते, आणि मुदत भरली की कोणी त्याच्या नाशाचा हुकूमही काढते.

या विचाराची चाहूल आपल्याकडे नव्हती असे नाही. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमला सोहोनी, ज्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी होत, यांनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधकांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिने पचविणारे विकर. कच्च्या कडधान्यातील एक लहानसे प्रथिन त्याला असे बिलगते की त्याचे काम थांबते. आपल्या आज्या कडधान्य भिजवीत, मोड आणीत आणि चांगले शिजवून मगच ताटात वाढीत, त्यात हा अडसर बराचसा ढिला करण्याची युक्ती होती. एका विकराचे भवितव्य दुसऱ्या प्रथिनाच्या स्पर्शाने कसे ठरते, याचे याहून घरगुती उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु प्रथिनांच्या अशा संगतींचा अभ्यास न झाल्याची किंमत किती भारी असू शकते, हे समजण्यासाठी थॅलिडोमाइडचा इतिहासच वाचावा लागतो. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध झोपेसाठी म्हणून बाजारात आले, आणि गर्भवती स्त्रियांच्या मळमळीवरही ते निर्धास्तपणे दिले जाऊ लागले. पुढील चार वर्षांत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक अर्भके खुंटलेल्या हातापायांनी जन्मास आली असा अंदाज आहे. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून मंजुरी रोखून धरली, म्हणून तेथील बहुतेक कुटुंबे या आपत्तीतून वाचली. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील विक्री बंद झाली. औषध गेले, खटले चालले, कायदे कडक झाले; मात्र ते शरीरात शिरून नेमके कोणाला धरते, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर २०१० साली जपानमध्ये मिळाले. ताकुमी इतो, हिरोशी हांडा आणि त्यांचे सहकारी यांनी थॅलिडोमाइडचे रेणू अतिसूक्ष्म चुंबकीय मण्यांवर जडविले आणि ते मणी मानवी पेशींच्या अर्कात मिसळले. (त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या १९५१ मध्ये निवर्तलेल्या अमेरिकन मातेच्या देहातून, तिची संमती न घेता, काढलेल्या पेशींच्या वंशातील, विज्ञानावरचे हे ऋण प्रत्येक वेळी नोंदविले पाहिजे.) चुंबकाने मणी एका कडेस ओढून ते पुनःपुन्हा धुतले, आणि सगळे वाहून गेल्यावरही जे चिकटून राहिले ते सोडविण्यासाठी वरून मोकळे थॅलिडोमाइड ओतले. हाती दोन प्रथिने आली. त्यांपैकी एकानेच, सेरेब्लॉनने, औषधाला प्रत्यक्ष धरले होते. दुसरे केवळ सेरेब्लॉनचा हात धरून सोबत आले होते. त्या दुसऱ्याच्या ओळखीवरूनच पहिल्याचा व्यवसाय उघड झाला, कारण ते दुसरे प्रथिन एका सुपरिचित विकरसंचाचा घटक होते. संगतीवरून माणूस ओळखावा, तसे येथे प्रथिन ओळखले गेले.

तो विकरसंच करतो काय? पेशीत निकामी झालेल्या किंवा नकोशा प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या लहानशा प्रथिनाचा शिक्का मारला जातो, आणि शिक्का बसलेले प्रथिन विघटनासाठी रवाना होते; या शोधासाठी हर्श्को, सिखानोव्हर आणि रोझ यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्का मारणारी अशी ६०० हून अधिक विकरे माणसात आहेत, आणि सेरेब्लॉनचे काम शिक्का कोणावर मारावयाचा ते निवडण्याचे. थॅलिडोमाइड त्याच्या खाचेत बसले की ही निवड बिघडते, आणि गर्भाच्या अवयवनिर्मितीस आवश्यक असलेले एसएएलएल-४ हे निरपराध प्रथिन शिक्क्याखाली सापडते, असे २०१८ मध्ये दिसून आले. उंदरांत हे औषध अशी व्यंगे सहसा निर्माण करीत नाही. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये जेथे व्हॅलिन हे अमिनो आम्ल आहे तेथे उंदरात आयसोल्युसीन आहे, आणि एवढ्याशा फरकानेही त्याचे सांगाती बदलतात. म्हणून हा अभ्यास मानवी पेशींतच झाला पाहिजे असा माझा आग्रह आहे. शिवाय याच ज्ञानाची दुसरी बाजू अशी की, थॅलिडोमाइडच्याच कुळातील लेनालिडोमाइड हे औषध अस्थिमज्जेच्या कर्करोगात रुग्णांना वर्षानुवर्षांचे आयुष्य देत होते, त्याचे रहस्यही सेरेब्लॉनच्या बदललेल्या निवडीतच सापडले.

अशा संगती धरणे कष्टाचे आहे. विकर आणि त्याचे लक्ष्य यांची भेट पुष्कळदा निमिषमात्र असते, आणि पेशी फोडताच ती मोडते. गेल्या दशकात यावर एक सुंदर उपाय निघाला: तपासावयाच्या प्रथिनाला एक जिवाणूजन्य विकर जोडून ते जिवंत पेशीत सोडतात, ते आपल्या अगदी निकटच्या शेजाऱ्यांना बायोटिन या जीवनसत्त्वाची खूण लावीत जाते, रंगपंचमीला शेजारून गेलेल्याच्या सदऱ्यावर रंग उरावा तशी, आणि मग खूण असलेली प्रथिने वेगळी काढून त्यांची ओळख पटविता येते. पूर्वी ज्यास दिवस लागे ती नोंद आता दहा मिनिटांत घेता येते. परंतु त्या नोंदीतील शेकडो नावांपैकी खरा सांगाती कोण आणि नुसता वाटसरू कोण, हे ठरविण्यास मात्र संशोधकाची वर्षे खर्ची पडतात.

या वर्षांची तजवीज आपल्या अनुदानव्यवस्थेत नाही, ही माझी तक्रार आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविते, आणि गणिती विश्लेषण जाणणाऱ्या तरुण मुलामुलींची आपल्याकडे वाण नाही. पण बहुधा तीन वर्षांच्या मुदतीचा अर्ज भरताना त्यांना प्रारंभीच उपयुक्ततेच्या रकान्यात औषधाचे नाव घालावे लागते. कोणते प्रथिन कोणाला भेटते एवढेच पाहावयाचे आहे, असे प्रांजळपणे लिहिणाऱ्याचा अर्जही दप्तरात सन्मानाने दाखल व्हावा आणि त्यास दहा वर्षांची मंजुरी मिळावी, असे मला कळकळीने वाटते. जपानमधील तो प्रयोग वाचकांसमोर आला तेव्हा थॅलिडोमाइडने ज्यांचे हात खुंटविले ती मुले पन्नाशीला पोहोचली होती.