नसबंदीचा खर्च कुणाच्या माथी?

भटकी कुत्री वाढली की साताऱ्यात काय, सांगलीत काय, ‘गाडी पाठवून उचलून न्या’ हीच मागणी होते. पण पकडून गावाबाहेर सोडणे कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पाळीव कुत्र्या-मांजरांची मालकाची.

खरी अडचण पैशांची. केंद्राच्या सुधारित प्राणी जन्मनियंत्रण योजनेत कुत्र्यामागे ८०० आणि मांजरामागे ६०० रुपये साह्य आहे. पकडणे, भूल, शस्त्रक्रिया, रेबीजची लस आणि नंतरची देखभाल एवढ्यात भागणे कठीण. उरलेली रक्कम अंदाजपत्रकात धरावीच लागेल. आज वाचवलेला पैसा उद्या चावे घेतलेल्यांच्या लसींवर जातोच. त्यात कुत्री काय, मांजर काय, गाभण राहिल्यापासून दोन महिन्यांत विते, म्हणून उशीर परवडत नाही. शिवाय तुरळक शस्त्रक्रियांनी संख्या घटत नाही. एकेक प्रभाग पुरा करावा लागतो.

सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची मदत घेऊन सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाळीव जनावरांसाठीही माफक दरात शिबिरे भरवावीत. आणि दरमहा शस्त्रक्रिया किती झाल्या, प्रत्येकीला किती रुपये लागले, याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा.