ऑफर लेटरमधील बारा लाख

व्यापारी घरातील मुले अलीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांत विक्रीच्या नोकरीसाठी मोठ्या उमेदीने जातात; मात्र मुलाखतीच्या दालनात शिरताना घरची दुकानदारी बाहेरच ठेवून येतात. ‘वडिलांचे दुकान आहे, सुट्टीत थोडी मदत करीत असे,’ एवढ्या एका वाक्यात कित्येक वर्षांची उमेदवारी गुंडाळली जाते. वास्तविक मुलाखत घेणारा नेमके तेच शोधत असतो.

या निवडीत बहुधा एक फेरी अशी असते की, मुलाखत घेणारा स्वतः गिऱ्हाईक होऊन बसतो आणि उमेदवाराने त्याला सॉफ्टवेअर विकून दाखवायचे असते. नवखा उमेदवार पहिल्या मिनिटापासून मालाचे गुण गाऊ लागतो. कापडाच्या गादीवर वाढलेल्या मुलाने तरी असे करू नये. बस्त्याला आलेल्या कुटुंबापुढे मुरलेला दुकानदार लगेच शालू उलगडत नाही. तो पाणी विचारतो. लग्न कोणाचे, तिथी कोणती, मानपानाच्या साड्या किती, याची चौकशी करतो. आणि शब्द कोणाचा चालतो, वरमाईचा की कोपऱ्यात गप्प बसलेल्या आजीचा, हे बोलता बोलता हेरतो. सॉफ्टवेअरच्या विक्रीत यालाच ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. अमेरिकेतील पीटीसी कंपनीत १९९० च्या दशकात घडलेल्या ‘मेडिक’ या विक्रीपद्धतीत तर पैशाचा अंतिम निर्णय घेणारी व्यक्ती शोधणे हे स्वतंत्र कलमच आहे. तेव्हा कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती रक्कम किती महिने अडकली होती आणि संबंध न तोडता ती कशी वसूल केली, हे उमेदवाराने आकड्यांसह निःसंकोच सांगावे.

गल्ल्याशी या पेशाचे नाते तसे जुनेच. ओहायोतील डेटन येथे जॉन पॅटरसन यांनी १८८४ मध्ये गल्ल्याची यंत्रे बनविणारा व्यवसाय विकत घेतला आणि पुढे विक्रेत्यांना ठराविक क्षेत्र, ठराविक कोटा व पाठ करावयाची संभाषणे नेमून दिली. तेथे तयार झालेले थॉमस वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेले, तीच १९२४ मध्ये आयबीएम झाली. कोटा आजही आहेच, आणि ऑफर लेटर वाचताना पालकांची नजर नेमकी त्याच शब्दावरून घसरते.

समजा, पत्रात वार्षिक १२ लाख रुपये लिहिले आहेत. त्यांपैकी ७ लाख २० हजार निश्चित आणि ४ लाख ८० हजार कोटा पूर्ण झाल्यास. म्हणजे खात्रीचे दरमहा ६० हजार, तेही भविष्यनिर्वाह निधी व कर कापण्यापूर्वीचे. घरात मात्र ‘महिन्याला लाख’ हेच रूढ होते, परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत १२ लाख छापले जातात आणि त्या भरवशावर फ्लॅटचे टोकनही दिले जाते. बँकेत कर्जाची फाइल उघडली की चित्र पालटते. बदलती रक्कम बँका मागील नोंदी पाहून, आणि बहुधा अंशतःच, उत्पन्नात धरतात. नव्या नोकरदाराकडे अशा नोंदीच नसतात. मंजुरी अपेक्षेपेक्षा कमी येते आणि टोकन अडकून पडते.

म्हणून पत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. गेल्या वर्षी या पदावरील किती जणांनी कोटा पूर्ण केला? सुरुवातीच्या महिन्यांत कोटा कमी असतो का? कमिशन करारावर सही होताच मिळते, की गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्यावर? गिऱ्हाइकाने करार मोडल्यास दिलेले कमिशन परत घेतले जाते का? माल परत आला तर दलालीचे काय, हा प्रश्न व्यापाऱ्याला नवा नाही, आणि तो विचारण्यात उद्धटपणाही नाही. पहिल्या प्रश्नाला बगल दिली गेली, तर घरचे अंदाजपत्रक केवळ निश्चित पगारावरच बांधावे हे बरे. गिऱ्हाइके कोणत्या देशातील, हेही विचारावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला हा हिशेब आधी ठाऊक असलेला बरा.

पुढची वाट साधारण ठरलेली असते. आरंभी फोन व ईमेल करून केवळ भेटी ठरविणे, मग स्वतःचे सौदे, नंतर महिनोन् महिने चालणारे मोठ्या कंपन्यांचे सौदे. व्यवस्थापक होण्याची घाई मात्र नसावी. गादीवरच्या उत्तम सेल्समनला दुसरी शाखा सोपवून सेल्समन आणि शाखा दोन्ही गमावलेल्या पेढ्या काही कमी नाहीत.

दर तिमाहीला कोटा किती होता आणि विक्री किती झाली, याची स्वतःची वही प्रत्येकाने ठेवावी. गिऱ्हाइकांची यादी नव्हे, ती कंपनीची मालमत्ता. फक्त स्वतःचे आकडे. पुढच्या मुलाखतीत पहिली विचारणा त्यांचीच होते. आणि दोन वर्षांची पगारपत्रके हाती आली, की फ्लॅटसाठी बँकेची पायरी पुन्हा चढता येते.