कालव्याची दारे आणि पेशीतील जनुके

इंदापूर तालुक्यातील एका स्नेह्यांकडे परवा जाणे झाले. घरात एकच विषय चालू होता. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या कन्येला जीवशास्त्रात मूलभूत संशोधन करायचे आहे. "त्याचा उपयोग काय? निदान फार्मसी तरी घे," असे वडिलांचे म्हणणे. प्रश्न मायेपोटीच आलेला होता. पण तो आपल्या सुशिक्षित घराघरांतला आहे, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

त्यांची शेती नीरा डाव्या कालव्यावर आहे. बारामती ओलांडून हे पाणी इंदापूरकडे येते. (शेवटच्या टोकापर्यंत किती पोहोचते, हा स्वतंत्र लेखाचा विषय!) कोणते दार केव्हा उघडायचे आणि केव्हा पाडायचे, यावर पीक ठरते. पाणी तुटले तर ऊस वाळतो, बेसुमार दिले तर जमीन चोपण होते. शरीरातही काहीसे असेच घडते. यकृताच्या आणि रक्तातील पांढऱ्या पेशीत जनुके जवळजवळ तीच असतात. कोणते चालू, कोणते बंद, एवढाच फरक.

या दारांचा मोलाचा अभ्यास आपल्या पुण्यात झाला आहे. डॉ. संजीव गलांडे अमेरिकेत बर्कली येथे संशोधन करून मायदेशी परतले आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांनी प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय 'सॅटबी-१' हे प्रथिन. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींमध्ये ते डीएनएच्या धाग्याची वेटोळी बांधून धरते. या प्रथिनाला फॉस्फेट जोडले गेले की ते जनुके बंद करणाऱ्या घटकाशी हातमिळवणी करते. फॉस्फेट निघाले की चालू करणाऱ्या घटकाशी. हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. पाटकरी एकच, हुकूम तेवढा बदलतो! २०१० मध्ये याच गटाने मदतनीस टी-पेशींच्या जडणघडणीतील त्याचा वाटा उलगडला. त्यांतील एक प्रकार जंतांशी लढतो. तोच अनावर झाला तर दमा आणि ॲलर्जी मागे लागते.

'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे करोनाकाळात घरोघरी आली. प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागत नाही, ती वेळेवर आवरावीही लागते, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते? दम्यावरचे उद्याचे औषधही या आवरण्याच्या ज्ञानातूनच निघेल. 'उपयोग काय' याचे उत्तर तिथे आहे. मात्र ते वर्षा-दोन वर्षांत हाती येत नाही.

२०१० चा भटनागर पुरस्कार जीवशास्त्रात दोघांना विभागून मिळाला: डॉ. गलांडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे. दोघांचेही काम महाराष्ट्रातले. हे ऐकताच ती मुलगी सावरून बसली.

वडिलांची खरी चिंता वेगळी होती, आणि ती रास्त आहे. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. परंतु ती महिनोन्महिने हाती पडत नाही, ही संशोधक विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. स्वदेशी विज्ञानाचा गौरव करणाऱ्यांनी सरकारला याचा जाब विचारलाच पाहिजे. सत्कारसमारंभापेक्षा वेळेवर जमा झालेला पैसा अधिक मुले प्रयोगशाळेत टिकवील.

निघताना वडील फाटकापर्यंत आले. म्हणाले, "ते आयसर पाषाणला आहे ना? स्वारगेटहून बस मिळते का हो?"