गावाच्या नावाची किंमत

इटलीतील फ्लॉरेन्सचे अँतिनोरी घराणे १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात आहे. सव्वीस पिढ्या झाल्या. आज सूत्रे तीन बहिणींच्या हाती आहेत. वाइन म्हटले की आम्हा मराठवाड्यातील माणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्तच आहे. दारूने उजाड केलेली घरे आपण पाहिली आहेत. तेव्हा बाटली बाजूलाच ठेवू. मला हेवा वाटतो तो निराळ्या गोष्टीचा.

तिथल्या कियांती प्रदेशाची हद्द १७१६ साली राजाज्ञेने ठरली. गावाचे नाव ही शेतकऱ्याची मालमत्ता झाली, ती तेव्हापासून.

आपल्याकडे तसा कायदा १९९९ साली झाला. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण मानांकनाची चौकट भिंतीवर टांगून घर चालत नाही. चिंच झाडावरच उक्ती विकली, तूर पोत्याने आडतीवर गेली, नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी ट्रकमध्ये चढली, की गावाचे नाव तिथेच पुसले जाते.

तिकडचे कुटुंब द्राक्षे विकून मोकळे होत नाही. पिकवणे, मुरवणे, भरणे सारे घरच्याच देखरेखीखाली. पुढच्या पिढीला थांबावेसे वाटेल असे काही शेतावर उरते. बोरसुरीची डाळ बोरसुरीतच भरडली, गावाच्या नावाने पिशवीत भरली, तर पुण्याची गाडी धरायला निघालेली आपली पोरेपोरीही क्षणभर थबकतील. बँकांनी ट्रॅक्टरआधी त्या गिरणीला कर्ज द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.